शासनाचा एक निर्णय कसा तपासावा : नाशिकमधील नव्या अभ्यासकांसाठी

गोदावरीला पूर आला की नाशिककर पाण्याची उंची पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले, एवढे कानावर पडले की पंचवटीतल्या दुकानदाराला माल कोणत्या फळीवर हलवायचा ते कळते. त्याच वेळी जलसंपदा विभागाच्या नोंदीत गंगापूर धरणाच्या विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये लिहिला जात असतो, आणि नगररचना विभागाच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदीकाठच्या एखाद्या प्लॉटवर बांधकाम होणार की नाही, हे या रेषांवर अवलंबून असते. रेषा योग्य जागी आखली आहे का, हे तपासायचे झाले तर मूर्ती, नोंद आणि नकाशा ही तिन्ही साधने एकाच टेबलावर मांडावी लागतात, आणि पर्यावरण व समाज यांच्याशी संबंधित सरकारी निर्णयांचा अभ्यास म्हणजे मुख्यतः हेच मांडणे होय.

हे काम करण्यासाठी वकील किंवा प्राध्यापक असावे लागत नाही. मी दोन्ही नाही. मी सुरुवात केली तेव्हा ‘गोदावरीचे प्रदूषण’ असा विषय घेतला, वर्तमानपत्रांची कात्रणे जमवली, ओळखीच्या सगळ्यांशी बोललो, आणि आठ महिन्यांनंतर माझ्याकडे दोन जाड फायली होत्या, पण त्यांतून एकही ठाम वाक्य लिहिता येत नव्हते. पुढे शहरातील एका नाल्यालगतच्या रस्त्याचे एकच काम घेतले, त्याचे कागद मिळवले, आणि चार महिन्यांत तेरा पानांचे टिपण तयार झाले, ज्यातील प्रत्येक वाक्याखाली कागद होता. हा फरक कशामुळे पडला, ते पुढे टप्प्याटप्प्याने लिहिले आहे.

१. विषय निवडू नका, निर्णय निवडा

‘कुंभमेळा आणि पर्यावरण’ हा विषय झाला. ‘साधुग्रामाच्या कामासाठी अमुक गटातील झाडे काढण्याचा अमुक तारखेचा प्रस्ताव’ हा निर्णय झाला. विषयाला आदि-अंत नसतो. निर्णयाला मात्र तारीख असते, सही असते, खर्चाचे लेखाशीर्ष (पैसा कोणत्या सदरातून जाणार ते) असते आणि तो घेण्याचा अधिकार देणारे कायद्याचे एखादे कलम असते. या चारांपैकी एकही गोष्ट सांगता येत नसेल, तर तुमच्या हाती अजून निर्णय आलेला नाही असे समजा आणि निवड आणखी लहान करा.

नाशिकमध्ये अशा निर्णयांची वाण नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट, मलनिस्सारण, पार्किंग यांची कामे मंजूर होत आहेत. २०२५ च्या नोव्हेंबरात तपोवनातील सतराशेहून अधिक झाडांबाबत निघालेल्या नोटिशीमुळे सगळे शहर ढवळून निघाले. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर ही महाराष्ट्रातील पहिली रामसर (आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाची ठरलेली) पाणथळ जागा आहे, आणि तिच्या आसपास घेतला जाणारा प्रत्येक निर्णय बारकाईने पाहण्याजोगा आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी भागात ग्रामसभेला विशेष अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू असल्याने तिथे ग्रामसभेचा ठराव हाच पाहण्याचा पहिला कागद ठरतो. पहिल्या खेपेला मात्र मोठा गाजलेला निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गाजलेल्या प्रकरणात नस्ती, म्हणजे कार्यालयातली फाइल, वरच्या कार्यालयात गेलेली असते, अधिकारी सावध झालेले असतात, आणि नवखा माणूस दोन्ही बाजूंच्या घोषणांमध्ये अडकतो. तुमच्या प्रभागातील एखादा नाला, एखादे उद्यान, एखादी खाण किंवा गावालगतचा घनकचरा डेपो घ्या, म्हणजे चालत जाऊन पाहता येईल.

२. मूळ कागद गाठा आणि तो शेवटाकडून वाचा

बातमी म्हणजे निर्णय नव्हे. मंत्र्यांची घोषणा, पालकमंत्र्यांच्या बैठकीचे वृत्त, आयुक्तांची मुलाखत यांतून निर्णय कुठे शोधायचा एवढेच कळते. राज्य शासनाचे शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार ठेवलेले असतात. महापालिकेचे ठराव नगरसचिवांच्या कार्यालयात मिळतात. अधिसूचना राजपत्रात येतात.

शासन निर्णयाची रचना ठरलेली असते. वर विषय आणि क्रमांक, मग ‘वाचा’ या शब्दाखाली आधीच्या निर्णयांची व पत्रांची यादी, मग प्रस्तावना, मग प्रत्यक्ष निर्णय, आणि शेवटी प्रती कोणाला पाठवल्या त्याची यादी. नवा वाचक प्रस्तावनेत रमतो, कारण तिथे हेतू छान शब्दांत लिहिलेला असतो. मी मात्र आधी ‘वाचा’ पाहतो आणि मग एकदम शेवटचे पान. ‘वाचा’खालील यादी म्हणजे त्या निर्णयाची वंशावळ असते; तिथे नोंदलेले प्रत्येक पत्र पुढे माहिती अधिकारात क्रमांकासह मागता येते. शेवटच्या यादीवरून अंमलबजावणी कोणाच्या गळ्यात आहे ते कळते, आणि ज्या विभागाला प्रत जायला हवी होती त्याचे नाव तिथे नसेल तर तेही टिपून ठेवण्यासारखे असते.

शेवटच्या परिच्छेदात एक संकेतांक दिलेला असतो. त्यातील पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. हे अंक आणि वर छापलेली निर्णयाची तारीख ताडून पाहण्याची सवय लावून घ्या. मी पाहिलेल्या एका निर्णयात या दोहोंत तीन आठवड्यांचे अंतर होते आणि त्या तीन आठवड्यांत कामाची निविदाही निघून गेली होती. एवढ्यावरून कोणावर आरोप करता येत नाही, पण कोणत्या काळातला पत्रव्यवहार मागायचा हे त्यातून अचूक समजले.

इथे एक खबरदारी अवश्य घ्या. हाती आलेला निर्णय आज लागू आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याच विषयावर नंतर शुद्धिपत्रक, पूरकपत्र किंवा ‘अधिक्रमित करून’ असे शब्द असलेला नवा निर्णय निघालेला असू शकतो. मी एकदा रद्द झालेल्या निर्णयावर सहा पाने लिहिली होती आणि एका निवृत्त अव्वल कारकुनांनी पहिल्याच परिच्छेदावर बोट ठेवून ते दाखवून दिले.

३. निर्णय कोणत्या पायरीवर आहे ते ओळखा

‘मान्यता मिळाली’ या दोन शब्दांनी जेवढा घोळ होतो तेवढा दुसऱ्या कशाने होत नाही. तत्त्वतः मान्यता म्हणजे कल्पना पटली आहे, पैसे अजून दिलेले नाहीत. प्रशासकीय मान्यता म्हणजे हे काम करायचे आणि त्यावर इतक्या रकमेपर्यंत खर्च करायचा, असे सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवले आहे. तांत्रिक मान्यता म्हणजे अभियंत्याने आराखडा व अंदाजपत्रक तपासून योग्य ठरवले आहे. त्यानंतर निविदा निघते आणि शेवटी ठेकेदाराला कार्यादेश मिळतो. काम सुरू झाल्यावर झालेल्या कामाची मापे मोजमाप पुस्तकात चढतात आणि त्या मापांवर देयक निघते.

पर्यावरणाच्या दृष्टीने तुमचे म्हणणे सर्वांत परिणामकारक कधी ठरते? माझा अनुभव असा, की प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता यांच्यामध्ये, कारण तेव्हा आराखडा बदलला तरी कोणाच्या करारावर घाला येत नाही. कार्यादेश निघाल्यानंतर तुम्ही कितीही योग्य मुद्दा मांडला, तरी ‘आता ठेकेदाराला नुकसानभरपाई द्यावी लागेल’ हे उत्तर तयार असते. म्हणून मी वहीच्या पहिल्या पानावर या पायऱ्यांची उतरंड काढतो आणि प्रत्येकीसमोर तारीख लिहितो. जिथे तारीख नाही ती जागा रिकामी ठेवतो. पुढचा माहितीचा अर्ज त्या रिकाम्या जागांसाठीच असतो.

महापालिकेच्या कागदांबाबत नाशिककरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, तेव्हापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकांच्या हाती होता. महासभा व स्थायी समितीचे अधिकार त्या काळात एकाच ठिकाणी एकवटले होते, त्यामुळे नगरसेवकांच्या चर्चेचे इतिवृत्त मिळत नाही. त्या काळातील निर्णयामागची कारणे शोधायची असतील तर टिपणी, म्हणजे मंजुरीआधी अधिकाऱ्यांनी नस्तीत लिहिलेले अभिप्राय, हाच आधार.

४. कायद्याने कोणती पायरी सक्तीची केली आहे ते पाहा

निर्णय चांगला की वाईट हा प्रश्न पुढचा. आधी पाहायचे ते हे, की कायद्याने सांगितलेली वाट चालून तो घेतला गेला का. सगळे कायदे पाठ करण्याची गरज नाही. नाशिकमध्ये वारंवार लागणारे चार पुरे होतात.

झाडांसाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. झाड तोडण्याच्या प्रस्तावाची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि झाडावरही लावावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुने झाड हे ‘वारसा वृक्ष’ ठरले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याची तरतूद आली. त्यामुळे झाडांच्या यादीतील ‘वय’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा झाला. यादीत वडाचे वय लिहिलेले असेल, तर ते कोणी, कोणत्या पद्धतीने आणि खोडाचा घेर कोणत्या उंचीवर मोजून ठरवले, हे विचारा. हरकतींसाठी मिळणारे दिवस थोडे असतात, म्हणून नोटीस दिसताच त्याच दिवशी झाडावरच्या कागदाचा फोटो काढा, फोटोत शेजारची खूण येऊ द्या आणि हरकत लेखी देऊन पोच घ्या. तोंडी सांगितलेल्या हरकतीला कागदावर अस्तित्व नसते.

मोठ्या प्रकल्पांसाठी १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना. ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, त्यांच्यासाठी किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते, आणि मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी लोकांना पाहण्यासाठी ठेवावा लागतो. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवते आणि तिचे अध्यक्षपद जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी भूषवतो. जनसुनावणीला गणपूर्तीची (किमान उपस्थितीची) अट नाही, हे अनेकांना माहीत नसते. आपण गेलो नाही तर सुनावणी होणारच नाही, या समजुतीने बहिष्कार टाकणाऱ्या गावांचे म्हणणे नोंदीतून कायमचे निसटते. मंजुरी मिळाल्यानंतर प्रकल्पधारकाने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यायचा असतो. बहुतेक अभ्यासक मंजुरीपाशी थांबतात. मला सर्वांत उपयोगी कागद या सहामाही अहवालांत सापडले आहेत.

मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे जायचे असेल तर मुदत ३० दिवसांची आहे आणि सबळ कारण दाखवल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत वाढते. आपल्यासाठीचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. या टप्प्यावर वकिलाचा सल्ला घ्यावा. मुदतीची गणना स्वतः करू नये.

जमिनीच्या वापरासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. विकास आराखड्यातील आरक्षणात कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल करायचा असला तरी सूचना देऊन एक महिन्यात हरकती मागवाव्या लागतात. ‘किरकोळ’ हा शब्द पाहून दुर्लक्ष करू नये.

भूसंपादनासाठी २०१३ चा कायदा, ज्यात सामाजिक आघात मूल्यांकनाची तरतूद आहे. इथे एक सापळा आहे: राष्ट्रीय महामार्गांचे संपादन १९५६ च्या स्वतंत्र कायद्याने होते, तिथे हे मूल्यांकन लागत नाही आणि हरकतीसाठी अधिसूचनेपासून केवळ २१ दिवस मिळतात. शेतकऱ्यांना मार्गदर्शन करण्याआधी संपादन कोणत्या कायद्याखाली होत आहे, हे अधिसूचनेतील कलमावरून पाहून घ्या. चुकीच्या कायद्याचा सल्ला दिला आणि २१ दिवस उलटले, तर नुकसान त्या कुटुंबाचे होते.

५. माहितीचा अर्ज : थोडके आणि नेमके मागा

माहिती अधिकार अधिनियम, २००५ खालील अर्ज महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’ मध्ये करतात. शुल्क १० रुपये. कोर्ट फी स्टॅम्प लावला की काम भागते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. २०१२ च्या नियमदुरुस्तीनुसार अर्ज सर्वसाधारणपणे एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला असावा. माझा पहिला अर्ज तीन पानांचा होता, त्यात एकोणीस प्रश्न होते आणि त्यांपैकी अकरा ‘का’ या शब्दाने सुरू होत होते. एकाचेही उत्तर आले नाही. कायद्यात ‘माहिती’ म्हणजे कार्यालयाच्या दप्तरी असलेला अभिलेख. अधिकाऱ्याने तुमच्यासाठी नवे स्पष्टीकरण लिहावे, अशी त्यात अपेक्षा नाही.

म्हणून ‘का’ विचारायचे असेल तेव्हा ‘कारण ज्या कागदावर लिहिले आहे तो कागद’ मागावा. मी आता अर्जातील वर्णन असे लिहितो :

‘विषय : अमुक नाल्यालगतच्या रस्त्याच्या कामास दिलेली प्रशासकीय मान्यता. कालावधी : १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४. (१) सदर मान्यतेच्या आदेशाची साक्षांकित प्रत. (२) ज्या टिपणीवर हा आदेश मंजूर झाला तिच्या सर्व पानांच्या, शेऱ्यांसह, साक्षांकित प्रती. (३) सदर कामाबाबत प्राप्त हरकतींची यादी व त्यांवरील निर्णय. (४) स्थळपाहणी अहवाल उपलब्ध असल्यास त्याची प्रत.’

‘शेऱ्यांसह’ हा शब्द विसरू नका. टिपणी खालून वर चढत जाते. कनिष्ठ अभियंता लिहितो, उपअभियंता दुरुस्त करतो, कार्यकारी अभियंता शेरा मारतो, लेखा विभाग हरकत घेतो, आणि वर कुठेतरी ती हरकत एका ओळीत मागे टाकली जाते. मला मिळालेल्या एका टिपणीच्या समासात हिरव्या शाईने फक्त ‘पूररेषा पाहिली का?’ एवढेच लिहिलेले होते. त्याखाली कोणाचेही उत्तर नव्हते आणि पुढच्याच पानावर मंजुरीची सही होती. माझ्या टिपणातला निम्मा भाग त्या एका प्रश्नातून उभा राहिला. तो प्रश्न विचारणारा माणूस त्याच कार्यालयातला होता, हेही मी लिहिले, कारण कार्यालय म्हणजे एकच मन नसते आणि आत बसून नेटाने काम करणाऱ्यांची नोंद घेणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

जन माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. प्रतींचे शुल्क पानाला २ रुपये. शुल्क भरण्याचे पत्र आल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरले जात नाहीत, म्हणून पत्र आले की लगेच भरा. मुदत उलटल्यावर मिळणारी माहिती विनामूल्य द्यावी लागते. अर्ज चुकीच्या कार्यालयाकडे गेला, तर कलम ६(३) नुसार त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. ‘आमच्याकडे येत नाही’ असे सांगून खिडकीवरून परत पाठवले तर हे कलम शांतपणे दाखवावे. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत जोडपत्र ‘ब’ मध्ये पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत जोडपत्र ‘क’ मध्ये राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. प्रत्येकी शुल्क २० रुपये. आयोगाचे खंडपीठ नाशिकमध्येच आहे, पण दुसऱ्या अपिलाला बराच काळ लागतो हे गृहीत धरून अभ्यासाचे वेळापत्रक आखा.

आणखी एक घाई करण्याजोगी बाब. सरकारी अभिलेखांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ असे वर्गीकरण असते. ‘अ’ वर्गातले कागद कायम जपतात, ‘ड’ वर्गातले एका वर्षानंतर नष्ट करता येतात. साधा पत्रव्यवहार हवा असेल तर तो वर्षाच्या आत मागितलेला बरा.

६. प्रती मागण्यापेक्षा नस्ती पाहायला जा

कायद्याने अवलोकनाचा हक्कही दिला आहे आणि तो फार थोडे लोक वापरतात. जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, अशा सूचना शासनाने २०१८ मध्ये दिल्या आहेत. जाण्याआधी त्या कार्यालयात वेळ विचारून घ्या. पाचशे पानांच्या प्रती घेण्यापेक्षा दोन तास बसून नस्ती चाळावी, हवी ती पाने कागदी पट्टीने खुणावावीत आणि तेवढ्यांच्याच प्रती मागाव्यात.

जाताना सोबत ठेवायच्या वस्तू अशा :
– ओळखपत्र आणि अर्जाची पोच असलेली प्रत
– कोरी वही. सुट्या कागदांवर लिहू नये
– पेन्सिल (नस्तीवर चुकूनही शाईची रेघ पडू नये म्हणून)
– कोर्ट फी स्टॅम्प आणि सुटे पैसे
– त्या जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, गट नंबर किंवा सर्व्हे नंबरसह
– विकास आराखड्याच्या संबंधित भागाचा नकाशा
– मोबाइल पूर्ण चार्ज करून, फोटो काढण्याची परवानगी आधी विचारून

पाने क्रमांकित आहेत का, मधला एखादा क्रमांक गळला आहे का, हे सर्वांत आधी पाहा. गळला असेल तर वहीत नोंदवा आणि तिथल्या कर्मचाऱ्याला सौजन्याने विचारा. बऱ्याचदा पान दुसऱ्या कार्यासनाकडे गेलेले असते. त्या कर्मचाऱ्याशी आवाज चढवून बोलणाऱ्याला दुसऱ्या सोमवारी खुर्चीही मिळत नाही.

७. आकडा कोणत्या मापाशी ताडायचा ते आधी ठरवा

गोदावरीच्या पाण्याविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांची गल्लत इथे होते. स्नानयोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार बीओडी, म्हणजे जैवरासायनिक प्राणवायू मागणी, लिटरमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत असावी, विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा आणि सामू (पीएच) ६.५ ते ८.५ यांदरम्यान असावा. हे निकष नदीच्या पाण्याचे झाले. तपोवन किंवा आगरटाकळी येथील मलनिस्सारण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला वेगळे निकष लागतात आणि ते प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या केंद्राला दिलेल्या संमतीपत्रात लिहिलेले असतात. केंद्र आपल्या संमतीपत्राची अट पाळत असूनही खालची नदी स्नानयोग्य नसेल, असे होऊ शकते, आणि तसे झाले तर दोष केंद्र चालवणाऱ्याचा की निकष ठरवणाऱ्याचा, हा खरा धोरणाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून आधी संमतीपत्राची प्रत मिळवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय सातपूरला उद्योग भवनात आहे.

मेमधला नमुना आणि ऑगस्टमधला नमुना यांची तुलना करून ‘नदी सुधारली’ किंवा ‘बिघडली’ असे लिहू नये. गंगापूरमधून विसर्ग सुरू असताना सगळेच आकडे सौम्य दिसतात. त्याच महिन्याची मागच्या वर्षांशी तुलना करावी. स्वतः बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत नेण्याचा उत्साहही आवरावा. बीओडीची चाचणी २७ अंश सेल्सिअसवर तीन दिवस चालते, नमुना थंड ठेवून वेळेत पोहोचवावा लागतो, आणि तो कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची साखळी लिहिलेली नसेल तर तुमच्या आकड्याला कोणी विचारत नाही. महापालिकेचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल दरवर्षी ३१ जुलैपूर्वी सभेपुढे ठेवावा लागतो. लागोपाठच्या पाच वर्षांचे अहवाल शेजारी ठेवले की कोणता तक्ता दरवर्षी तसाच उतरवला आहे आणि कोणता नव्याने मोजला आहे, हे लगेच दिसते.

८. जागेवर जा, आणि ऐकून घ्या

कागद पुरेसे झाल्यावरच जागेवर जा, म्हणजे काय पाहायचे ते ठाऊक असते. किमान तीन वेळा जा : एकदा सकाळी, एकदा पावसात, एकदा काम चालू असताना. नाल्याच्या कामात मी पहिल्या भेटीत रुंदी मोजली ती कोरड्या दिवसांत. पावसात गेलो तेव्हा शेजारच्या वस्तीतील एका आजींनी घराच्या भिंतीवर खडूने ओढलेल्या रेघा दाखवल्या. दरवर्षीच्या पाण्याची एकेक रेघ होती आणि प्रत्येकीपाशी वर्ष लिहिलेले होते. अंदाजपत्रकात त्या नाल्याची पूरपातळी एका वाक्यात निकाली काढलेली होती.

लोकांना ‘प्रदूषणाबद्दल काय वाटते’ असे विचारू नका. पाणी किती वाजता येते, जनावरे कुठे पाजता, गेल्या वर्षी दवाखान्यात किती वेळा जावे लागले, असे विचारा. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. नाव छापणार नाही असे आधी सांगा आणि ते पाळा, विशेषतः बोलणारी व्यक्ती त्याच ठेकेदाराकडे मजुरीला असेल तर. निर्णयामुळे ज्यांचा फायदा झाला त्यांच्याकडेही जा. त्या रस्त्यामुळे शाळेत जाणाऱ्या मुलांची वाट अर्ध्या तासाने कमी झाली होती, हे मला तिसऱ्या भेटीत कळले. ते वगळून टिपण लिहिले असते तर ते अर्धवट आणि अन्यायाचे झाले असते.

९. लिहिताना, आणि प्रसिद्ध करण्याआधी

टिपणात चार गोष्टी वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवा : कागदावर काय ठरले, प्रत्यक्षात काय झाले, त्याचा कोणावर काय परिणाम झाला, आणि तुमचे मत काय. यांची सरमिसळ झाली की वाचकाला तुमचे मत हेच तथ्य वाटू लागते, किंवा त्याहून वाईट म्हणजे तथ्यही मतासारखे वाटू लागते. ‘भ्रष्टाचार’ हा शब्द टाळा. ‘लेखा विभागाने घेतलेल्या हरकतीचे उत्तर नस्तीत आढळत नाही’ हे वाक्य अधिक जड आहे आणि ते खोडून काढता येत नाही.

मसुदा झाला की संबंधित कार्यालयाला क्रमांकित प्रश्न लेखी पाठवा, उत्तरासाठी किमान पंधरा दिवस द्या आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. उत्तर आले तर ते जसेच्या तसे छापा, तुमचा मुद्दा त्याने पडत असला तरी. माझ्या तेरा पानांपैकी दोन पाने अशा उत्तरामुळे काढावी लागली, कारण ज्या पाहणीचा अहवाल नस्तीत नव्हता तो दुसऱ्या विभागाकडे खरोखरच होता. उरलेली अकरा पाने मी प्रभागाच्या सभेत वाटली, एक प्रत सार्वजनिक वाचनालयात दिली आणि एक संबंधित अभियंत्यांना नेऊन दिली. त्यांनी ती उभ्या उभ्या चाळली, हिरव्या शाईच्या शेऱ्याच्या पानापाशी थांबले आणि पुढच्या कामाचा आराखडा पाहायला सोमवारी या, असे म्हणाले.